धडा घरी, गृहपाठ शाळेत



दिवाळी आटोपली की आमच्या सोनपेठ तालुक्यातील गावांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. गोधड्या, भांडी, पिठाचे डबे, कोयते, एखादी शेळी, आणि ह्या सगळ्या सामानावर बसलेली लहानमोठी पोरे. ऊसतोडीला निघालेली ही कुटुंबे उन्हाळा लागल्यावर परत येतात. मधल्या चार-पाच महिन्यांत हजेरीपटावर काही नावांपुढे गैरहजेरीची खूण पडत राहते. मूल परत येते तेव्हा वर्ग अपूर्णांक सोडून शेकडेवारीवर गेलेला असतो. ते मागच्या रांगेत मान खाली घालून बसते, आणि पुढल्या वर्षी कदाचित येतच नाही.

आज मला ज्या शिक्षणपद्धतीविषयी बोलायचे आहे तिचे नाव परके आहे. इंग्रजीत तिला 'फ्लिप्ड क्लासरूम' म्हणतात. आपण 'उलटा वर्ग' म्हणू. नाव ऐकून कोणी म्हणेल, "हे मोठ्या शहरातल्या शाळांचे खूळ, आमच्या पत्र्याच्या शाळेला त्याचे काय?" म्हणून आधीच सांगतो, ह्या पद्धतीला चालना मिळाली ती गैरहजर मुलांमुळे. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील वुडलँड पार्क ह्या गावच्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि आरन सॅम्स हे दोघे शिक्षक रसायनशास्त्र शिकवीत. खेळांच्या सामन्यांसाठी मुलांना लांबलांबच्या गावी जावे लागे आणि त्यांचे तास बुडत. बुडालेला धडा पुन्हा पुन्हा शिकवण्यात ह्या दोघांचा बराच वेळ जाई. २००७ साली त्यांनी आपले धडे संगणकावर मुद्रित केले आणि मुलांना पाहायला ठेवून दिले. गैरहजर मुलांनी ते पाहिलेच, पण जी मुले वर्गात हजर होती तीही ते पुन्हा पाहू लागली. मग त्यांच्या ध्यानात आले की, मुलाला शिक्षक जवळ हवा असतो तो माहिती सांगायला नव्हे. गाडे अडते त्या क्षणी हवा असतो. तेव्हा माहितीचा भाग घरी पाठवावा आणि अडण्याचा भाग शाळेत आणावा, असे त्यांनी ठरवले. २०१२ साली त्यांनी ह्या अनुभवावर पुस्तकही लिहिले.

आपल्या नेहमीच्या वर्गात काय होते ते पाहा. पस्तीस मिनिटांच्या तासात गुरुजी पंचवीस-तीस मिनिटे बोलतात. मुले ऐकतात, निदान तसे दिसते. घंटा होते आणि गुरुजी फळ्यावर पाच उदाहरणे लिहून देतात, "घरून करून आणा." घरी पहिले उदाहरण जमते, दुसरे अडते. आई भाकरी करीत असते, बाप रानातून यायचा असतो. विचारायचे कोणाला? म्हणजे सोपे काम, जे ऐकण्याचे, ते गुरुजींच्या समोर होते. आणि अवघड काम, जे स्वतः करण्याचे, ते मुलाच्या गळ्यात एकट्याने पडते. उलट्या वर्गात एवढेच उलटे करायचे. ऐकण्याचा भाग घरी, करण्याचा भाग शाळेत.

खरे पाहता ही गोष्ट आपल्याला अगदीच नवी नाही. तालमीतला वस्ताद पोरांना बसवून तासभर कुस्तीवर भाषण देत नाही. पोरे हौद्यात उतरतात, धरपकड करतात, आणि वस्ताद काठाशी उभा राहून म्हणतो, "अरे, पाय कुठाय तुझा? कमरेत वाक." पोर चुकते त्या क्षणी वस्ताद तेथे असतो. गणिताच्या वर्गात मात्र आपण वस्तादाला बोलत ठेवतो आणि कुस्ती घरी खेळायला पाठवतो.

आता माझीच फजिती सांगतो. उलट्या वर्गाविषयी वाचल्यावर मी उत्साहाने फळ्यासमोर उभा राहिलो, एका विद्यार्थ्याच्या हाती मोबाइल दिला आणि शेकडेवारीवर पंचवीस मिनिटांची चित्रफीत तयार केली. ती पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली. दुसऱ्या दिवशी विचारले, "कोणी कोणी पाहिली?" बरेच हात वर झाले. मग विचारले, "शेकडा बारा म्हणजे काय?" हात खाली. एक मुलगी धीटपणे म्हणाली, "सर, चालू केली होती, पण मग मी भांडी घासायला गेले."

दोष त्या मुलीचा नव्हता. पंचवीस मिनिटांचे माझे भाषण वर्गात कंटाळवाणे होते, ते मोबाइलमध्ये गेल्याने गोड कसे होणार? आकाशवाणीवरच्या ह्या माझ्या भाषणाचीही तीच मर्यादा आहे. मी बोलतो, तुम्ही ऐकता. तुम्हाला मध्येच थांबवून विचारता येत नाही, आणि तुमचे लक्ष उडाले तर मला ते कळत नाही. नुसती चित्रफीतही तशीच एकतर्फी असते.

ह्यावर उपाय आहे तो विचारणाऱ्या चित्रफितीचा. इंग्रजीत तिला 'इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ' म्हणतात. ती चालता चालता मध्येच थांबते आणि पडद्यावर प्रश्न येतो. तशी मांडणी केली असेल तर उत्तर दिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही, आणि उत्तर चुकले तर तो मुद्दा जेथे सांगितला होता तेथे मुलाला मागे नेते. कोणी कोणते उत्तर दिले ह्याची नोंद शिक्षकाला पाहता येते. एच-फाइव्ह-पी आणि एडपझल ही अशा चित्रफिती तयार करण्याची साधने आहेत. त्यांतले पहिले मुक्त स्वरूपाचे सॉफ्टवेअर आहे. आपली स्वतःची किंवा दुसऱ्याने खुली केलेली चित्रफीत घ्यायची आणि जेथे थांबायचे तेथे प्रश्न बसवायचे, असे हे काम आहे. चार-दोन वेळा केले की हात बसतो.

मात्र इंटरनेट धड चालत नसेल तर हिरमुसू नका. साध्या चित्रफितीतही प्रश्न विचारता येतो. शिक्षकाने तीतच म्हणावे, "आता मला थांबवा. वहीत हे उदाहरण करा. झाले? मग पुढे चला." आणि सकाळी वर्गात शिरताना वही पाहावी. यंत्राची नोंद नसली तरी वहीची नोंद आहे, आणि ती काही कमी मोलाची नाही.

ह्या नोंदीचा उपयोग फार मोठा आहे. एरवी मुलाला काय कळले नाही हे आपल्याला परीक्षेच्या पेपरात कळते. तोवर दोन महिने निघून गेलेले असतात. येथे ते त्याच रात्री किंवा दुसऱ्या सकाळी कळते. तिसरा प्रश्न निम्म्या वर्गाचा चुकला, तर उद्याचा तास तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करायचा.

आता प्रत्यक्ष उदाहरण देतो, म्हणजे वर्गात काय करायचे ते ध्यानात येईल. धडा शेकडेवारीचा. दुसऱ्या खेपेला मी सहा मिनिटांचीच चित्रफीत केली. शेकडा म्हणजे शंभरापैकी, एवढेच तीत सांगितले. शंभर सोयाबीनचे दाणे ताटात मांडून बारा बाजूला काढून दाखवले. तीन ठिकाणी थांबून तीन सोपे प्रश्न विचारले.

वर्गात मात्र प्रश्न अवघड दिला. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनचा ओलावा साधारणपणे १२ टक्क्यांपर्यंत धरतात, हे आपणा शेतकऱ्यांना ठाऊक आहे. मी विचारले, "परतीच्या पावसात भिजलेले सोयाबीन आहे. वजन १०० किलो, ओलावा २३ टक्के. ते वाळवून ओलावा १२ टक्क्यांवर आणला. आता वजन किती भरेल?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "एकोणनव्वद किलो!" तेविसातून बारा गेले, अकरा उरले, शंभरातून अकरा गेले, एकोणनव्वद. श्रोतेहो, तुमच्यापैकीही कित्येकांनी मनात हेच उत्तर काढले असेल. ते चूक आहे.

मी उत्तर सांगितले नाही. चार-चार मुलांचे गट केले आणि म्हटले, "एकमेकांना पटवून दाखवा." हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणारे एरिक माझूर ह्यांनी ही रीत १९९० नंतरच्या दशकात नावारूपाला आणली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. नुकतेच ज्याला समजले आहे तो मित्राला जसे समजावतो, तसे कधी कधी गुरुजींनाही जमत नाही. कारण आपण कोठे अडलो होतो हे त्याला अजून आठवत असते.

माझ्या वर्गात दहा मिनिटे गलका झाला. मग एक मुलगी म्हणाली, "सर, वाळवल्यावर पाणी उडतं, दाणा थोडाच उडतो?" तेथेच कुलूप उघडले. शंभर किलोत २३ किलो पाणी, म्हणजे कोरडा दाणा ७७ किलो. तो वाळवण्याआधीही ७७ आणि वाळवल्यावरही ७७. मात्र आता पाणी १२ टक्के आहे, म्हणजे कोरडा दाणा नव्या वजनाच्या ८८ टक्के आहे. ज्याचे ८८ टक्के म्हणजे ७७ किलो, ते वजन किती? साडेसत्त्याऐंशी किलो. ताळा पाहा. साडेसत्त्याऐंशीचे १२ टक्के म्हणजे साडेदहा. साडेदहा आणि ७७ मिळून साडेसत्त्याऐंशी. वर्गाने सांगितलेल्या उत्तरापेक्षा हे दीड किलोने कमी आहे. क्विंटलमागे दीड किलो म्हणजे वीस क्विंटलला तीस किलो! ओल्या मालाची घट कशी मोजायची, हे ज्या पोराला कळले ते उद्या वजनकाट्यापाशी गप्प बसणार नाही.

हा वादविवाद घरी, एकट्याने, भाकरीच्या धुरात झाला असता का? नाही. आणि शेकडा म्हणजे शंभरापैकी, एवढे सांगण्यात माझा तास खर्ची पडला असता तर वर्गात तरी त्याला वेळ उरला असता का? तोही नाही. सोपे घरी गेले म्हणून अवघडाला शाळेत जागा झाली. उलट्या वर्गाचे सगळे मर्म एवढ्यात आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, चित्रफीत करायला मोठे सामान लागत नाही. टेबलाच्या कडेला पुस्तकांची चळत रचून तीत पट्टी खोवा, पट्टीला मोबाइल दोऱ्याने बांधा, खाली कोरा कागद ठेवा. चेहरा दिसायची गरज नाही. लिहिणारा हात दिसावा आणि आवाज स्पष्ट यावा. पंखा बंद ठेवा. एका चित्रफितीत एकच मुद्दा घ्या आणि पाच-सात मिनिटांच्या पुढे जाऊ नका. बोली आपल्या मुलांची ठेवा. आमच्या भागातले मूल 'कामून' म्हणते, तर तुम्हीही एकदा 'कामून' म्हणा, काही बिघडत नाही. मुलांचे चेहरे आणि नावे असलेले चित्रण मात्र उघड्या जागी टाकू नका. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळा. चित्रफितीतला धडा दुसऱ्या दिवशी वर्गात जसाच्या तसा पुन्हा शिकवू नका. तसे केले की न पाहिले तरी चालते, हे मुले चार दिवसांत ओळखतात.

हे सगळे आपल्याच राज्यात, आपल्यासारख्याच शाळेत होऊ शकते, ह्याचा दाखला आपल्यासमोर आहे. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. तो चौकोनी ठिपक्यांचा छाप मोबाइलने टिपला की कवितेचे गायन, धड्याची चित्रफीत, सरावाचे प्रश्न पुढे येत. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले, आणि २०१७ साली सुरू झालेल्या 'दीक्षा' ह्या सरकारी व्यासपीठावर धड्यांचे साहित्य मिळू लागले. डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा पुस्तकातला तो छाप शोभेचा समजू नका. आपली चित्रफीत करण्याआधी तेथे काय आहे ते पाहा. चांगली तयार असेल तर नवी कशाला करायची? प्रश्न मात्र आपल्या मुलांना साजेसे आपणच घालावेत.

आता सर्वांत अवघड मुद्दा. ज्याच्या घरी मोबाइल नाही त्याने काय करावे? घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, बाप रात्री आठाला येणार, आणि आला तरी रिचार्ज संपलेला. ही कित्येक घरांची स्थिती आहे. २०२० सालच्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे आपण सर्वांनी पाहिले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका झाली, नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' भरली, शिक्षक गल्लोगल्ली फिरले. आणि तरीही पुष्कळ मुले मागे राहिली. म्हणून उलटा वर्ग करायचा तर सोय आधी, चित्रफीत मागून.

पहिल्या आठवड्यात एक यादी करा. कोणाकडे फोन आहे, कोणाकडे संध्याकाळीच असतो, कोणाकडे मुळीच नाही. ज्यांच्याकडे नाही त्यांना शेजारच्या मुलाशी जोडून द्या. एका वस्तीतली चार मुले एका ओसरीवर बसून एकाच फोनवर पाहू शकतात, आणि चौघांत पाहिलेले अधिक ध्यानात राहते. शाळेत दूरदर्शन संच किंवा संगणक असेल तर परिपाठाच्या आधी वीस मिनिटे तो चालू ठेवा. चित्रफीत पेन ड्राइव्हवर घातली तर इंटरनेटही लागत नाही. एखाद्याने पाहिली नसेल तर त्याला उभे करू नका, रागावू नका. कोपऱ्यात सहा मिनिटे पाहू द्या आणि गटात पाठवा. आणि मुलींची विशेष चौकशी करा. पुष्कळ घरांत फोन आधी मुलाच्या हाती जातो आणि मुलीच्या हाती झाडू येतो.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलांकडे येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या मुलासाठी पहिला मार्ग म्हणजे त्याला गावीच ठेवणे. हंगामी वसतिगृहाची सोय असेल, आजीआजोबा असतील, तर मूल गावातच राहावे ह्यासाठी आधी खटपट करावी. चित्रफीत ही शाळेची जागा घेऊ शकत नाही. पण सारे करूनही काही मुले जातातच. जाताना त्यांच्याजवळ शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेला मुलाची पायरी कळेल. आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट द्यावी : बापाच्या मोबाइलमध्ये भरून दिलेले दहा-बारा लहान धडे आणि एक वही.

मागच्या एका हंगामात मी असे तीन मुलांना दिले. दोघांकडून काहीच उत्तर आले नाही. एकाच्या बापाचा फोन बिघडला होता, दुसऱ्याला कोपीवर धाकटी भावंडे सांभाळायची होती. त्याला कसला आला अभ्यास! हे मी लपवून ठेवत नाही. पण तिसऱ्याकडून एका रात्री मोबाइलवर आवाजी निरोप आला. मागे कुत्रे भुंकत होते, कोणीतरी मोळ्या मोजीत होते. पोरगा म्हणत होता, "गुर्जी, ते सोयाबीनचं गणित मी दोनदा केलं. एकोणनव्वद येत नाही. साडेसत्त्याऐंशीच येतंय. बरोबर हाय का?"

मी त्याला दुसरे गणित पाठवले. उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा त्याला पुष्कळ धडे नवे होते. दहा-बारा चित्रफितींनी वर्ष भरून निघत नाही. पण तो मागच्या रांगेत गेला नाही. गटात बसला आणि शेजाऱ्याला शेकडेवारी समजावू लागला.

पालकांनो, तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. संध्याकाळी अर्धा तास फोन मुलाला द्या, मुलीलाही द्या, आणि शेजारी बसा. तुम्हाला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल. चित्रफीत थांबली की विचारा, "आता काय विचारलं रे त्यानं?" मूल तुम्हाला सांगू लागले की त्याचा अर्धा धडा तेथेच पक्का होतो. अर्धा तास झाला की फोन परत घ्या. त्या यंत्रात धड्यांशिवाय पुष्कळ काही असते, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि शिक्षकमित्रहो, सगळे वर्ष उलटे करायची घाई नको. एक विषय घ्या, त्यातला एक धडा घ्या, आणि सहा मिनिटांची एक चित्रफीत करा. मोकळ्या झालेल्या तासात मुलांमध्ये फिरा, कोण कोठे अडले ते पाहा, आणि तालमीतल्या वस्तादासारखे त्याच्याजवळ उभे राहा. दिवाळीनंतर ट्रक भरू लागण्याच्या आत असे दहा धडे तयार झाले, तर ह्या वर्षी हजेरीपटावरच्या त्या नावांसोबत आपण काहीतरी पाठवू शकू.